कुंदाच्या गावाहून दोन नळ्या

हिंगोली जिल्ह्यात मुद्दाम जाणारे लोक थोडे. औंढ्याचं दर्शन घ्यायचं आणि पुढच्या देवस्थानाची गाडी धरायची, एवढाच बहुतेकांचा मुक्काम. मी तिथं सात दिवस राहिले आणि औंढ्याचं देऊळ फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं. तेव्हा देवळाची माहिती हवी असेल त्यांनी हे वाचू नये.

जाण्याचं कारण आधीच सांगते. माझी धाकटी बहीण कुंदा सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका वस्तीत राहते. एकवीस वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. नवरा धरणावर जीप चालवायचा. २००१ साली तो गेला तेव्हा त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे हे कळलं, आणि महिन्याभरात तिच्याही. तिनं मला पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली : ‘आता येऊ नको.’ मी गेले नाही. मिरजेच्या प्रयोगशाळेत मला रजा मिळत नव्हती. हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

पण २००६ साली गोष्ट वेगळी होती. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळू लागल्या होत्या, नांदेडलाही. अट एकच. रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, आणि आकडा दोनशेच्या खाली आला तर गोळ्या सुरू. कुंदानं पाच वर्षांत एकदाही मोजून घेतलं नव्हतं. तिच्या रक्ताच्या दोन नळ्या नांदेडच्या यंत्रापर्यंत पोचवायच्या, एवढं एक काम घेऊन मी निघाले. तिथला एक तंत्रज्ञ माझ्या ओळखीचा होता. बाहेरून आणलेलं रक्त घेणं रीतीत बसत नव्हतं, पण तो हो म्हणाला होता.

पिशवीत जांभळ्या बुचाच्या नळ्या चार (दोन जास्तीच्या), सुया, रबरी पट्टा, स्पिरिटचा कापूस, खोलीचं तापमान बघायचा थर्मामीटर आणि गुंडाळायला जुनं सुती पातळ. मुक्काम चार दिवस. परतीचं तिकीट काढलेलं.

पहिला दिवस : जवळा बाजार

परभणीपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. जवळा बाजारला उतरले तेव्हा आठवडी बाजार भरला होता. दिवाळी तोंडावर आलेली, सोयाबीन नुकतं घरात येत होतं, रस्त्याच्या कडेनं पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या. ऑक्टोबरचं ऊन असं की पोत्यावर हात टेकवत नव्हता.

मिरजेच्या स्टँडवर तुम्ही दिवसभर उभ्या राहा, कोणी नाव विचारणार नाही. इथं चहा हातात येण्याआधी प्रश्न आला.

“कोणाकडं चाल्ल्या, बाई?” टपरीवाल्या आजीबाईंनी विचारलं.

“बहिणीकडे. सिद्धेश्वरला.”

“कोणती बहीण? ती जीपवाल्याची बायको? मंग आधी कधी दिसल्या न्हाईत तुमी.”

“बारा वर्षांनी येतेय.”

“बारा!” त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, त्यानं मागच्याला. काळीपिवळी जीप भरेपर्यंत माझी बारा वर्षं अर्ध्या बाजारात फिरून आली. कुंदानं तिचा आजार या लोकांत पाच वर्षं कसा झाकून ठेवला असेल, याचं मला तिथंच नवल वाटलं.

ती दारात उभी होती. मनात मी एक वाळलेली बाई तयार करून ठेवली होती, तिला धीर द्यायची वाक्यंही. कुंदा वाळलेली नव्हती. उन्हानं काळी पडली होती, दंड कामाचे होते, केसांत थोडं पांढरं.

“आलीस का? बस. च्या टाकते.”

लग्नाआधी ही मुलगी ‘अक्का, चहा करते हं’ म्हणायची. शब्द बदलले होते, हेल बदलला होता. आवाज मात्र तोच, आणि तो ऐकायला मी बारा वर्षं लावली होती.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडे कांदा-लसूण चटणी जशी घरोघर, तसं इकडे हे. मी तिसरी भाकरी मोडली तेव्हा तिनं विचारलं, “कशाला आलीस ते बोल आता.”

मी बोलले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “काहून तपासू? धड हाय की मी.”

“बाहेरून धड आहेस. आत पेशी किती उरल्यात ते बाहेरून दिसत नाही. आकडा फार खाली गेल्यावर कळून उपयोग नसतो.”

“नांदेडला मी येणार न्हाई. तिथं रांगेत बसलं की सारा तालुका बघतो.”

“तू नको येऊस. मी रक्त नेते.”

तिनं भाकरीचा पोपडा बोटांत चुरला. “एकदाच. पुन्हा विचारायचं न्हाई.”

दुसरा दिवस : वस्ती आणि धरण

सकाळी दार लावून घेतलं आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला. कामाच्या हाताची शीर लगेच सापडते. नळी भरत असताना तिनं विचारलं, “यात मोजतात काय नेमकं?”

“पांढऱ्या पेशींतली एक जात. अंगात कोणी परकं घुसलं की बाकीच्यांना हाका मारून गोळा करणारी.”

“म्हंजे दवंडीवाली.”

“हो. आणि हा विषाणू नेमका तिलाच धरतो.”

“तिलाच काहून?”

या पेशी मी बावीस वर्षं काचेखाली बघत आले आहे आणि हे सगळं शिकाऊ मुलांना फळ्यावर काढून दाखवलं आहे, पण कुंदाच्या घरात फळा नव्हता. मी दाराकडे बोट केलं.

“त्या पेशीच्या अंगावर कड्या असतात, तुझ्या दाराला आहे तशा. असतात दुसऱ्याच कामासाठी. विषाणूच्या अंगावर आकडे. आकडा आधी एका कडीत अडकतो, मग जरा वाकून शेजारच्या दुसऱ्या कडीत. दोन्ही धरल्या की त्याचं अंग पेशीच्या अंगात मिसळतं आणि त्याचा कागद आत जातो. ज्या पेशीवर त्या कड्या नाहीत, तिच्या वाटेला तो जात नाही.”

“कागद कसला?”

“त्याची सगळी माहिती. पण ती वेगळ्या लिपीत. तुमच्याकडे निजामाच्या वेळचे उर्दू दस्त मराठीत उतरवून घेतात ना, तसा तो आपला कागद पेशीच्या लिपीत उतरवतो आणि तिच्या दप्तरात घुसवून देतो. मग पेशी आपलं काम सोडून त्याच्या नकला काढत बसते. त्या नकला दुसऱ्या पेशींकडे जातात.”

“सातबाऱ्यावर नाव चढवलं म्हण की.”

“अगदी तसंच.”

“मंग ते निघत न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या हितं मेलेल्याचं निघत न्हाई.”

“नाव निघत नाही. गोळ्यांनी नकला थांबतात.”

दुसरी नळी भरली. मी दोन्ही हळूच आठ वेळा उलट्या-सुलट्या केल्या, आतल्या औषधात रक्त नीट मिसळावं म्हणून, आणि सुती पातळात गुंडाळल्या. नांदेडकडे जाणारी जीप दुपारी चारला होती. कुंदाच्या घरावर पत्रा. थर्मामीटर दहा वाजताच पस्तिसाच्या पुढं. या रक्ताला खोलीतलं साधारण तापमान लागतं, ऊनही नको आणि थंडीही नको. समोरच्या अंगणवाडीला सिमेंटचं छत होतं. तिथल्या सेविका शेवंताबाई कुंदाच्या शेजारीण. वहीत लिहिल्याप्रमाणे वागणारी, दोन वेण्या घालणारी पंचेचाळिशीची बाई. त्या दिवशी लसीकरण असल्यामुळे त्यांची धांदल होती.

“शेवंताबाई, कुंदाचं साखर तपासायचं रक्त आहे यात. चार वाजेपर्यंत सावलीत राहू दे.”

“ठेवा ताई. बिलकुल तकलीफ न्हाई. जिवापाड सांभाळते.”

मग कुंदा मला धरण दाखवायला घेऊन गेली. बांधावरून चालायला तासभर लागतो आणि तो चालावा. डाव्या हाताला पूर्णेचं अडवलेलं पाणी, इतकं पसरट की पलीकडची शेतं पाण्यावर ठेवल्यासारखी. उजवीकडे खाली कालवा आणि सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं. टायरच्या ट्यूबवर बसून दोघं जण जाळं ओढत होते. कुंदानं त्यांच्याकडून एक रोहू घेतला, शेपटीला धरून तोलला आणि पदरात गुंडाळला.

“कृष्णेला पाणी असतं का गं आता?” तिनं विचारलं.

“पावसाळ्यात भरपूर. घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत.”

“मला सपनात उन्हाळ्यातलीच दिसती. पायाला वाळू लागती.”

मी तिच्या पावलांकडे बघत चालले.

बांधाच्या कठड्यावर काळ्या तोंडाच्या वानरांचा कळप बसला होता. त्यातल्या एका म्हातारीनं कुंदाच्या पदराकडे बारकाईनं पाहिलं, मासा आहे हे कळल्यावर तोंड फिरवलं. कुंदा हसली.

“हे माकडातूनच आलं म्हणतात ना माणसात? मंग यांना होतं का?”

“यांना नाही. हे आफ्रिकेतलं. तिकडच्या कितीतरी माकडांच्या रक्तात याचाच भाऊबंद असतो. तिथल्या चिंपांझींमधून तो माणसात आला. पण गंमत अशी, की त्या माकडांतल्या काही जातींत तो अंगभर असतो, पेशीही त्याच धरतो, आणि तरी माकड सहसा आजारी पडत नाही. पिलं होतात, म्हातारं होऊन मरतं.”

“आन् आपल्याकडची माकडं?”

“लाल तोंडाच्या माकडांना प्रयोगशाळेत तो टोचला, तर ती आपल्यासारखीच खंगतात.”

ती कठड्याला टेकली. “मंग त्या तिकडच्यांनी काय केलं असं?”

“हजारो वर्षं एकत्र राहिली असतील. त्यांच्या शरीरात विषाणू आला की सुरुवातीला आरडाओरडा होतो आणि थोड्या दिवसांत सगळं निवतं. आपलं शरीर निवत नाही. दवंडी पिटतच राहतं. आणि जितक्या पेशी धावून येतात, तितक्या त्याला धरायला मिळतात. अजून सगळं कळलेलं नाही, पण मोठा फरक हा दिसतो.”

“म्हंजे भांडून भांडून मरतो आपण.”

“साधारण तसंच.”

“आमच्या यांना सांगायला पाहिजे होतं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोलली. शेवटच्या महिन्यात तो जीपची चावी उशाखाली घेऊन झोपायचा. ती काढून घेतली तर ओरडायचा. एवढंच. त्याला हे कुठून लागलं ते मी विचारलं नाही; ते विचारायचं नाही असं मी घरूनच ठरवून निघाले होते.

मासा शिजवून, खाऊन, साडेतीनला मी अंगणवाडीत गेले. शेवंताबाईंचा चेहरा समाधानी होता.

“ताई, तुमची पिशवी खिडकीत गरम व्हायली होती. म्या उचलली आन् बराबर बर्फात ठेवली.”

“कशात?”

त्यांनी लशीचा निळा डबा उघडला. चारी बाजूंनी गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या, आणि मधोमध, पातळ काढून, व्यवस्थित उभ्या केलेल्या माझ्या दोन नळ्या. लस थंड राहिलीच पाहिजे हे या बाईंना वर्षानुवर्षं शिकवलेलं, आणि त्या कधी चुकलेल्या नव्हत्या. थंड नको, एवढे दोनच शब्द मी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले असते तर का, असं त्यांनी विचारलं असतं. साखरेच्या खोट्यामुळे मी ते गिळले होते.

मी नळी उजेडात धरली. रक्त तळाशी बसलं होतं. वरचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळं असायला हवं. ते लाल होतं. बर्फाला टेकून तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पांढऱ्यांचं काय झालं असेल ते यंत्रात घालून बघायची गरज नव्हती.

कुंदाला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

“एकदाच म्हणलं होतं मी.”

“माझी चूक आहे. दोन नळ्या अजून आहेत.”

“असतीलच,” ती म्हणाली. “बारा वर्सांनी आलीस अन् बाटली भरून निघालीस. चारची जीप, परवाची गाडी. तुझं रगताकडं लक्ष हाय, अक्का. माझ्याकडं तू बघूनच न्हाई राहिलीस.”

जीप रस्त्यावर हॉर्न वाजवून निघून गेली.

तिसरा आणि चौथा दिवस : वस्तीतच

परतीचं तिकीट मी वहीतून काढून पिशवीच्या तळाशी टाकलं. करण्यासारखं काही उरलं नाही की मला त्रास होतो, म्हणून कुंदाबरोबर सोयाबीन निवडायला बसले. माझ्या पाठीचं दुखणं तिसऱ्या तासाला सुरू झालं. ती वाऱ्यावर उपणत होती, मी खडे काढत होते. रक्ताचा विषय मी काढला नाही. आईच्या पुरणपोळीपासून आमच्या शाळेतल्या हातभर वेताच्या बाईंपर्यंत सगळं बोलून झालं. दुपारी भाकरीबरोबर अंबाडीची आंबट भाजी. ती तिनं वाढण्याआधी माझ्या ताटात कच्चं तेल ओतलं, माझ्या नाही म्हणण्याकडे लक्ष न देता. इकडे अंबाडी कच्च्या तेलाशिवाय खात नाहीत, आणि खाऊन पाहिल्यावर मलाही ते पटलं.

चौथ्या दिवशी सकाळी शेवंताबाई आल्या. नळ्या वाया गेल्याचं त्यांना कळलं होतं. डोळे सुजलेले. त्यांनी आल्या आल्या बाही वर सरकवली आणि दंड माझ्यापुढं धरला.

“घ्या ताई. माझ्या हातानं वाया गेलं, माझं भरून घ्या. कालपास्नं घास उतरून न्हाई राहिला.”

कुंदानं सूप खाली ठेवलं. आधी तिला हसू आलं, मग ते गेलं.

“तुझं न्हाई चालत, शेवंता. माझंच लागतंय. साखरेचं न्हाई ते.”

“मंग कशाचं?”

“यांना होतं तेच.” तिनं भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे मान केली.

शेवंताबाईंची बाही तशीच वर होती. त्यांनी फोटोकडे पाहिलं, कुंदाकडे पाहिलं. मी त्यांच्या उठण्याची वाट बघत होते. त्या उठल्या, दोन पावलं दाराकडे गेल्या आणि दार आतून लावून परत येऊन बसल्या.

“पाच वर्सं एकटीच निस्तरून राहिलीस? अन् मी रोज समोर बसून पोरांना गाणी शिकवते.”

“कोणाला सांगू नकोस.”

“गप. नांदेडला काहून जात न्हाईस?”

“रांगेत लोक बघतात.”

“मंग आमी बी बसतो रांगेत. तू, मी अन् ताई. तिघींपैकी कोण कोणासाठी आली, कोणाला कळणार हाय? अन् कोणी विचारलंच तर म्हणते, मलाच हाय. बोलू दे त्यायला.”

कुंदा सुपातल्या दाण्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, “शेवंता, आधी ती बाही खाली कर.”

सहावा दिवस : नांदेड

पाचवा दिवस रविवार होता, तो असाच गेला. सहाव्या दिवशी आम्ही तिघी नांदेडच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलो, कुंदा मधे. औंढ्याकडचं एक ओळखीचं जोडपं दिसलंच. शेवंताबाईंनी त्यांना मोठ्यानं विचारलं, “तुमी बी का?” आणि त्यानंतर त्या दोघांनी आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

रक्त तिथल्या मुलीनं घेतलं. मी पट्टा, नळी, बूच यांतलं काही पाहिलं नाही. कुंदाच्या तोंडाकडे बघत राहिले. सुई टोचताना ती खालचा ओठ आत ओढते, लहानपणी देवीची लस टोचताना ओढायची तसा. एवढी वर्षं मी माणसांच्या शिरा शोधल्या; ओठ कधी पाहिले नव्हते.

सातव्या दिवशी परभणीच्या गाडीत बसून मी जे मागत होते, ते कोणी बहिणीसाठी मागत नसेल. आकडा कमी येऊ दे. दोनशेच्या वर आला तर गोळ्या नाहीत. परत पाठवतील, सहा महिन्यांनी या म्हणतील, आणि ती येणार नाही. कमी येऊ दे, पण फार कमी नको.

मिरज

आठवड्यानं प्रयोगशाळेत फोन आला. कुंदा औंढ्याच्या एसटीडी बूथवरून बोलत होती, मागं गाड्यांचे हॉर्न.

“एकशे अडुसष्ट,” ती म्हणाली. “बराबर हाय का?”

“गोळ्या मिळतील.”

“ते सांगितलं त्यांनी. मी इचारते, बराबर हाय का?”

“कमी आहे, कुंदा. पण वेळेत आहे.”

मग ती म्हणाली, गोळ्या रोज ठरल्या वेळेला घ्यायच्या, एक चुकवायची नाही. घेते की नाही हे बघणारं कोणीतरी घरात पाहिजे, फॉर्मवर त्याचं नाव लागतं.

“शेवंताबाईंचं घाल. समोरच राहतात.”

“तिचं दुसऱ्या ओळीत हाय. पहिल्या ओळीत तुझं घातलं.”

“अगं, मी मिरजेत. त्यांना पत्ता लागेल.”

“इचारला त्यांनी पत्ता. मी म्हणलं, हितंच राहती माझ्याजवळ. लिहून घेतला.”

चुकीचा पत्ता असलेला कागद मी आमच्या प्रयोगशाळेतून कधी पुढं जाऊ दिलेला नाही. हा दुरुस्त करून घे, असं मी तिला अजून सांगितलेलं नाही.